सांची : दोन हजार वर्षांपूर्वीची वर्गणी

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या अयोध्या नगरातल्या कोणत्याही लहान मुलाला विचारा, "सांची म्हणजे काय रे?" उत्तर येईल, "दूध!" रोज सकाळी दारात येणाऱ्या पिशवीवर तेच नाव असते, तेव्हा मुलांचे काही चुकत नाही. मोठ्यांना विचारले तर उत्तर थोडे वेगळे येईल. सांची म्हणजे पुण्या-नागपूरहून पाहुणे आले की त्यांना न्यायची जागा. सकाळी डबा भरायचा, टेकडीवर जायचे, मोठ्या स्तूपाला एक फेरी मारायची, तोरणाखाली उभे राहून फोटो काढायचे, खाली येऊन चहा घ्यायचा आणि ऊन चढायच्या आत परत. संग्रहालय? ते पुढच्या खेपेला.

गेल्या हिवाळ्यात आम्ही चार घरची मंडळी एका रविवारी सांचीला गेलो, तेही घरी एकही पाहुणा नसताना. ठरवले होते की घाई करायची नाही, कोरलेले सगळे नीट पाहायचे आणि संग्रहालय पाहिल्याशिवाय परतायचे नाही. त्या दिवशी काय पाहिले हे सर्वांना सांगा, असा कार्यकारिणीचा आग्रह झाला, म्हणून हे चार शब्द.

बायपासवरून विदिशा रस्त्याला लागले की सांची साधारण तासाभराची वाट. दीवानगंजच्या पुढे रस्त्यावर कर्कवृत्ताची खूण केलेली आहे. मुलांना तिथे उतरवलेच पाहिजे. शाळेत नकाशावर तुटक रेघ म्हणून पाहिलेली गोष्ट पायाखाली आली की भूगोल एकदम खरा वाटतो. तिथून थोड्याच वेळात डावी-उजवीकडे बुटक्या टेकड्या दिसू लागतात आणि त्यांतल्या एकीवर तो अर्धगोल दिसतो. आपल्या दोनशेच्या नोटेच्या मागच्या बाजूला छापलेला आहे तोच. या नोटेची आठवण ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

आता स्तूप म्हणजे काय, हे थोडक्यात. स्तूप ही इमारत नाही. आत खोली नाही, गाभारा नाही. अवशेषांवर रचलेला भरीव ढिगारा म्हणजे स्तूप. तो बाहेरून पाहायचा आणि देवळासारखी उजवी घालून प्रदक्षिणा करायची. सांचीचा मूळ स्तूप सम्राट अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात विटांचा बांधला. तो आजच्यापेक्षा बराच लहान, सुमारे निम्म्या व्यासाचा होता. पुढे शुंगांच्या काळात त्यावर दगडाचे कवच चढवून तो वाढवला. आज त्याचा व्यास सुमारे १२० फूट आणि उंची सुमारे ५४ फूट आहे. भोवतीचा दगडी कठडा, ज्याला वेदिका म्हणतात, नंतर आला. चार दिशांची चार तोरणे त्याहून नंतर, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास उभी राहिली. म्हणजे आपण जे एका नजरेत पाहतो ते दीड-दोनशे वर्षांचे, अनेक पिढ्यांनी टप्प्याटप्प्याने केलेले काम आहे.

आमच्यातले दोघे-तिघे बांधकाम खात्यातले, डिप्लोमा करून नोकरीला लागलेले. आमची नजर आधी सांध्यांकडे गेली. कठड्याचे उभे खांब, त्यांत अडकवलेल्या आडव्या पट्ट्या आणि वर बसवलेली गोलसर पाठीची दगडी पाट. खांबाला खाच पाडून पट्टीचे टोक त्यात सारलेले आहे. हा सुताराचा सांधा आहे, गवंड्याचा नव्हे! वरच्या पाटीचे दोन दगड जिथे मिळतात तिथला जोडही लाकडाला देतात तसा तिरपा. लाकडात काम करणारे लोक नुकतेच दगडाकडे वळले होते, आणि हाताची सवय अजून लाकडाचीच होती, हे त्या सांध्यांवरून कळते.

तोरणांवरच्या गोष्टी सांगत बसलो तर रात्र होईल. मुलांसाठी दोन-तीनच सांगतो. या तोरणांवर बुद्धाची मूर्ती कुठेही नाही. बुद्ध आहे हे रिकाम्या आसनावरून, बोधिवृक्षावरून, चक्रावरून, पावलांच्या ठशांवरून ओळखायचे. पूर्वेच्या तोरणावर सिद्धार्थ घर सोडून निघतो तो प्रसंग आहे. घोडा चालला आहे, त्याच्यावर छत्र धरले आहे, आणि पाठीवर स्वार नाही. पश्चिमेच्या तोरणावर महाकपीची जातककथा आहे. वानरांचा राजा स्वतःच्या अंगाचा पूल करतो आणि बाकीचे वानर त्याच्या पाठीवरून नदीपार जातात. आणि आपल्या घरच्या देवघरात असते ती लक्ष्मी, जिच्यावर दोन हत्ती पाणी घालत आहेत, तीही इथे ठिकठिकाणी सापडते. आमच्याबरोबरच्या एका काकूंनी हात जोडले आणि म्हणाल्या, "ही तर आपलीच की!"

पण मंडळी, आज जे मुद्दाम सांगायचे आहे ते या चित्रांबद्दल नाही. ते आहे त्याच दगडांवरच्या बारीक अक्षरांबद्दल, ज्यांच्याकडे बहुतेक लोक बघतही नाहीत.

सांचीच्या कठड्यांवर, फरशांवर आणि तोरणांवर मिळून आठशेच्या आसपास छोटे छोटे लेख कोरलेले आहेत. अक्षरे ब्राह्मी, भाषा प्राकृत. बहुतेक लेख एका ओळीचे आहेत. ही लिपी वाचणारा माणूस कित्येक शतके कुणी उरला नव्हता. १८३७ साली कलकत्त्यात जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे सांचीच्या लेखांचे ठसे आले. त्यांच्या लक्षात आले की लेख वेगवेगळे असले तरी पुष्कळांचा शेवट त्याच दोन अक्षरांनी होतो. त्यांनी विचार केला की देवस्थानात इतक्या ठिकाणी, इतक्या लोकांनी, शेवटी एकच शब्द लिहिला असेल तर तो कोणता असेल? तो शब्द म्हणजे "दानं". म्हणजे अमक्याचे दान, तमकीचे दान. त्या एका शब्दाने 'द' आणि 'न' हाती लागले, आणि पाठोपाठ सगळी ब्राह्मी उलगडली. अशोकाचे शिलालेख आज आपण वाचू शकतो त्याची एक किल्ली आपल्यापासून तासाभराच्या वाटेवर सापडली.

आम्ही मुलांना एवढेच सांगितले की ब्राह्मीतला 'न' म्हणजे एक आडवी रेघ आणि तिच्या मधोमध उभी रेघ, इंग्रजी 'टी' उलटा ठेवल्यासारखा, आणि शेजारी अनुस्वाराचे टिंब. बस्स. पुढचा तासभर मुले कठड्याभोवती फिरत होती. "इथे आहे!", "काका, इथे पण!" एरवी मोबाईलमधून मान वर न काढणारी मुले दोन हजार वर्षांपूर्वीचा मजकूर शोधत होती.

आणि ही दाने कोणाची? राजांची थोडी, सामान्य माणसांची जास्त. भिक्षू आहेत आणि भिक्षुणी पुष्कळ आहेत. व्यापारी आहेत, विणकर आहेत, सुतार आहेत. एका अख्ख्या गावाने मिळून दिलेले दान आहे. उज्जयिनीच्या उपासिकांनी मिळून दिलेले आहे, म्हणजे त्या काळचे महिला मंडळच म्हणा. 'गोठी' म्हणून एक शब्द येतो, तो म्हणजे गोष्ठी. एकत्र येऊन धर्मकार्य करणाऱ्या लोकांची समिती. आपल्या भाषेत सांगायचे तर मंडळ! आमच्यासारख्या सरकारी नोकरांना विशेष आनंद झाला तो सुबाहित नावाच्या माणसामुळे. गोतीचा मुलगा सुबाहित, हुद्दा राजलिपिकर, म्हणजे राजाच्या दफ्तरातला लेखनिक. त्याचेही नाव दगडावर आहे. त्याचा राजा कोण होता हे त्या ओळीत नाही, पण कारकून कोण होता ते आहे.

कुणी एक खांब दिला, कुणी आडवी पट्टी, कुणी फरशी. ज्याला जमेल तेवढे. आता ती दोनशेची नोट आठवा. गणपतीची वर्गणी मागायला आपली मुले दारोदार जातात तेव्हा बऱ्याच घरांतून हीच नोट बाहेर येते. पावती फाडली जाते आणि स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर नाव छापले जाते. स्मरणिका हाती आली की आपण सगळे आधी तेच पान उघडतो. नाव आले आहे ना, आडनावाची वेलांटी बरोबर आहे ना, हे पाहतो. सांचीचा कठडा म्हणजे असेच वर्गणीदारांचे पान आहे, दगडावर कोरलेले.

जगात याहून मोठी, याहून उंच स्मारके पुष्कळ आहेत. मेक्सिकोत तेओतिवाकान नावाचे पुरातन शहर आहे. तिथले सूर्याचे पिरॅमिड सांचीच्या स्तूपापेक्षा कितीतरी मोठे. चोलुला इथले पिरॅमिड तर आपल्या स्तूपासारखेच एकावर एक थर चढवत वाढवले गेले आणि पुढे स्पॅनिश लोकांनी त्याच्या माथ्यावर चर्च बांधले. पण तेओतिवाकान बांधणारे लोक स्वतःला काय म्हणवत होते हेसुद्धा आज कुणाला ठाऊक नाही. शहराचे हे नावही शेकडो वर्षांनी आलेल्या अॅझ्टेक लोकांनी ठेवलेले. आणि इथे आपल्या विदिशेच्या विणकरांची आणि उज्जैनच्या बायकांची नावे आपल्याला वाचता येतात. हे भाग्य फार थोड्या जागांना मिळाले आहे.

आता आपल्या मंडळाच्या अगदी जिव्हाळ्याचा लेख सांगतो. दक्षिणेच्या तोरणाची सर्वांत वरची तुळई पाहा. तिच्यावर एक स्तूप कोरला आहे आणि त्या स्तूपाच्या घुमटावर एक लेख आहे. अर्थ असा की राजा श्री सातकर्णी याच्या कारागिरांचा मुख्य, वासिष्ठीचा पुत्र आनंद, याचे दान. सातकर्णी हे सातवाहनांचे नाव. सातवाहन म्हणजे पैठणचे, आपल्या गोदाकाठचे. जुन्नरजवळच्या नाणेघाटात ज्या घराण्याचा लेख आहे तेच हे घराणे. कोणता सातकर्णी, आणि त्याची सत्ता इथवर होती की नव्हती, यावर विद्वानांनी खूप लिहिले आहे. त्या वादात आपण पडायला नको. आपल्याला महत्त्वाचा आहे तो आनंद.

हा आनंद राजा नव्हता, सेनापतीही नव्हता. तो कारागिरांचा मुकादम होता. आजच्या भाषेत सांगायचे तर सुपरवायझर. त्याच तोरणाच्या एका खांबावर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्या कारागिरांचा लेख आहे, हे कोरीव काम आम्ही केले असा. हस्तिदंतावर बारीक काम करणारे हात दगडाला लागले, म्हणून दागिन्याइतकी बारीक नक्षी दगडात उतरली. म्हणजे दक्षिणेतल्या राजाचा मुकादम आणि विदिशेचे स्थानिक कारागीर, दोघांची नावे एकाच दारावर आहेत. कुणी कुणाचे पुसलेले नाही.

आता आपल्याकडे वळून पाहू. आपल्यापैकी कितीतरी घरांतले आजोबा १९५६ साली मध्य प्रदेश झाला तेव्हा नागपूरची कचेरी भोपाळला हलली म्हणून इथे आले. कुणी भेलच्या कारखान्यात लागले म्हणून आले, कुणी रेल्वेत, कुणी शिक्षक म्हणून. कुणीही इथे जिंकायला आले नव्हते. काम होते म्हणून आले, काम चोख केले, घरे बांधली, गणपती बसवला. तिसरी पिढी इथेच शिकते आहे. तरीही आपल्याला दोन्हीकडे एकच प्रश्न विचारला जातो. इथले शेजारी विचारतात, "आप लोग मूल रूप से कहाँ के हैं?" आणि पुण्याला लग्नाला गेलो की तिथले नातेवाईक म्हणतात, "तुम्ही काय बाबा, भोपाळचे!" मुलांना या दोन वाक्यांच्या मध्ये उभे राहणे जड जाते. आमच्याबरोबर आलेल्या एका दहावीतल्या मुलीने सरळ विचारले, "काका, मग फॉर्मवर आपण काय लिहायचं?"

तिला आम्ही कठड्यावरचे लेख दाखवले. इथे दान देणाऱ्या कितीतरी लोकांनी आपल्या गावाचे नाव लिहिले आहे. उज्जयिनीचा अमुक, माहिष्मतीची तमुक. आपण कुठून आलो हे लपवायची त्यांना गरज वाटली नाही. आणि दिलेला दगड मात्र इथे बसला तो बसलाच. सतना जिल्ह्यातल्या भरहुतच्या स्तूपाचे अवशेष आज कलकत्त्याच्या संग्रहालयात आहेत, त्यांच्यावरही 'करहकट' म्हणजे आपल्या कऱ्हाडच्या लोकांची दाने नोंदलेली आहेत. कऱ्हाड ते सतना, आगगाडी नसताना! तेव्हा गावाचे नाव आपल्या आडनावासारखे सांभाळायचे आणि काम जिथे आहोत तिथे करायचे. आनंदाचे उत्तर असे आहे आणि आम्हाला ते पटले. विदिशेजवळ बेसनगरला तर तक्षशिलेहून आलेल्या हेलिओडोरस नावाच्या यवन राजदूताने वासुदेवासाठी गरुडस्तंभ उभारला आहे. आसपासचे लोक त्याला खांबबाबा म्हणतात. सांचीहून परतताना थोडी वाट वाकडी केली की तोही पाहून होतो.

एक लेख मात्र जरा धाक घालणारा आहे. पूर्व आणि पश्चिम तोरणांवर शापवचने कोरलेली आहेत. या काकणावातून, सांचीचे जुने नाव काकणाव, हे दगडी काम जो काढील किंवा दुसऱ्या कुणाच्या हवाली करील त्याला महापातके लागोत, असा त्याचा भाव. शाप देणाऱ्यांना माणसाचा स्वभाव ठाऊक होता, कारण पुढे झाले तेच.

१८१८ साली, म्हणजे ज्या वर्षी पेशवाई संपली त्याच वर्षी, जनरल टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने जंगलात झाकलेली ही जागा पाहिली आणि ती पुन्हा जगाच्या नजरेला आली. १८२२ साली दुसऱ्या एका अधिकाऱ्याने, कॅप्टन जॉन्सनने, आत खजिना असेल म्हणून मोठा स्तूप वरपासून खालपर्यंत एका बाजूने फोडला. आत काही मिळाले नाही. पण त्या भगदाडामुळे पुढे पश्चिमेचे तोरण आणि कठड्याचा भाग कोसळला. १८५१ साली कनिंगहॅम आणि मेसी यांनी आणखी खोदले. त्यांना तिसऱ्या क्रमांकाच्या स्तूपात बुद्धाचे दोन पट्टशिष्य सारिपुत्त आणि मोग्गलान यांच्या अस्थी मिळाल्या. दगडी पेटीत छोट्या डब्या, आणि झाकणांच्या आतल्या बाजूला शाईने एकेक अक्षर. एकावर 'सा' आणि दुसऱ्यावर 'म'. दोन हजार वर्षे अंधारात ती शाई टिकली होती. अस्थी विलायतेला गेल्या आणि स्वातंत्र्यानंतर परत आल्या. १९५२ च्या नोव्हेंबरात नव्या विहारात त्यांची प्रतिष्ठापना झाली. दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस त्या दर्शनासाठी बाहेर काढतात आणि श्रीलंकेपासूनचे लोक येतात. आपणही एकदा जायला हरकत नाही.

मध्यंतरी फ्रान्सकडून पूर्वेचे तोरण मागितले गेले होते. तोरण गेले नाही, १८६९-७० च्या सुमारास त्याचे साचे गेले. त्याच साच्यांच्या आधारे घडवलेली दगडी प्रतिकृती २०२२ पासून बर्लिनमध्ये उभी आहे. मूळ तोरण मात्र आपल्या टेकडीवर आहे.

१८८१ पासून मेजर कोल यांनी भगदाड बुजवून पडलेली तोरणे उभी केली. तरी खरे काम झाले ते १९१२ ते १९१९ या वर्षांत, जॉन मार्शल यांच्या देखरेखीखाली. कामातल्या माणसांनी यातून शिकण्यासारखे खूप आहे. मोठ्या स्तूपाचा नैर्ऋत्येकडचा भाग फुगून पडायला आला होता. तो वरवर लिंपला नाही. पूर्ण उतरवला आणि पुन्हा रचला. टेकडीवर पाणी साचू नये म्हणून निचऱ्याची सोय केली. माती सरकू नये म्हणून आधाराची भिंत बांधली. या कामांपैकी एकही फोटोत दिसत नाही, आणि त्यांच्यावाचून फोटो काढायला काही उरले नसते. भोपाळच्या बेगमांनी यासाठी पैसे दिले. सुलतान जहाँ बेगम यांनी इथल्या संग्रहालयासाठीही दिले. मुसलमान राज्यकर्तीने बौद्धांच्या स्तूपासाठी खजिना उघडला, ही आपल्या भोपाळची गोष्ट आहे आणि आपण ती मुलांना सांगितली पाहिजे.

आता संग्रहालयाकडे. ते मार्शल यांनी १९१९ साली टेकडीवर सुरू केले. १९६६ पासून ते पायथ्याशी आजच्या इमारतीत आहे. फार मोठे नाही, तास-सव्वा तासात नीट पाहून होते. आत शिरताच समोर अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष, पाठीला पाठ लावून बसलेले चार सिंह. हात लावायला मनाई आहे, पण पाहूनही गुळगुळीतपणा कळतो. दोन हजार तीनशे वर्षांपूर्वीची झिलई आजही आरशासारखी. हा दगड चुनारचा, म्हणजे पार मिर्झापूरकडचा. सुमारे ४२ फुटांचा स्तंभ तिथून इथवर आणून टेकडीवर चढवला. त्याचा बुंधा अजून दक्षिण तोरणापाशी आहे. बाकीचा स्तंभ मोडला कसा? मार्शल यांनी नोंदवले आहे की आसपासच्या एका जमीनदाराने उसाच्या चरकासाठी तो फोडला. ऊस पिळायला अशोकाचा स्तंभ! मुले हसली, पण आमच्याबरोबरचे आजोबा म्हणाले, "हसू नका रे. किंमत ठाऊक नसली की घरोघरी हेच होतं. आमच्या वाड्यातल्या कोरीव तुळया अशाच बंबात गेल्या."

तोरणावरून निखळलेल्या यक्षी इथे आहेत. टेकडीवर त्या मान वर करून पाहाव्या लागतात, इथे समोरासमोर दिसतात. आंब्याची फांदी धरून उभी असलेली, केसांची वेणी आणि कमरेची मेखला यांसकट. आमच्या वहिनींनी पाटल्या आणि तोडे ओळखून दाखवले. मथुरेच्या लाल दगडातल्या मूर्ती आहेत. तोरणांवर रिकाम्या आसनाने दाखवलेला बुद्ध इथे माणसाच्या रूपात दिसतो. आधी टेकडी आणि मग संग्रहालय असे पाहिले की हा बदल मुलांना न सांगता कळतो. अस्थींच्या डब्यांपाशी थांबून आम्ही पुन्हा तो 'सा' आणि 'म' सांगितला. कुणीतरी एका भिक्षूने, चुकून अदलाबदल होऊ नये म्हणून, आत खुणेचे अक्षर लिहून ठेवले. आपण लोणच्याच्या बरणीवर चिठ्ठी लावतो तसे. तेवढ्या काळजीमुळे आज कुणाच्या अस्थी कोणत्या हे कळते.

आम्हाला घरी आणण्यासारखी वाटली ती ही काळजी. सांचीत लोकांनी दान दिले, हे तर झालेच. पण कुणीतरी नावे कोरली, म्हणून दाते कळले. कुणीतरी डबीवर अक्षर लिहिले, म्हणून शिष्य कळले. कुणीतरी पडके तुकडे गोळा करून फडताळात मांडले, म्हणून आपण पाहू शकलो. यातले एक जरी राहिले असते तर ती टेकडी नुसता दगडांचा ढीग झाली असती.

आपल्या मंडळाकडे आता पाहा. पहिला गणपती कुणाच्या अंगणात बसला, पहिली वर्गणी किती जमली, पहिल्या नाटकात स्त्रीपार्ट कुणी केला, हे सांगणारी माणसे आज सभागृहात पुढच्या रांगेत बसली आहेत. जुनी पावतीपुस्तके, इतिवृत्ताच्या वह्या, कृष्णधवल फोटो आणि पहिल्या वर्षांच्या स्मरणिका कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या ट्रंकेत पडून आहेत. घर बदलताना, रंगकाम करताना त्या रद्दीत जातात. रद्दीवाला आणि तो उसाच्या चरकाचा जमीनदार यांच्यात फारसा फरक नाही, दोघांनाही कुणी काही सांगितलेले नसते.

म्हणून तीन छोट्या सूचना मांडतो आणि थांबतो.

पहिली सूचना अशी. या गणेशोत्सवापासून ज्याच्या घरी मंडळाची जुनी कागदपत्रे किंवा फोटो असतील त्यांनी ते मंडळात आणून द्यावेत. नको असतील तर ठेवून घेऊ, हवे असतील तर त्यांची छायाचित्रे काढून मूळ परत देऊ. प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने नावे लिहू. 'सा' आणि 'म' एवढे जरी लिहिले तरी चालेल.

दुसरी सूचना अशी. आपल्या आजी-आजोबांनी इथे कोणत्या साली, कोणत्या गावाहून, कोणत्या कामासाठी आलो हे पाच-दहा ओळींत मराठीत लिहून द्यावे. ज्यांना लिहिणे जड जाते त्यांच्याकडून नातवंडांनी ऐकून लिहावे. त्यात मुलांचे मराठी लेखनही आपोआप होईल. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. पेढे वाटले ते चांगलेच केले, पण भाषा टिकते ती लिहिण्याने.

तिसरी सूचना अशी. पावसाळा संपला की सर्व घरांची मिळून एक सांची सहल काढू. शुक्रवारी संग्रहालय बंद असते, म्हणून रविवार ठरवू. सकाळी लवकर निघू, आधी टेकडी पाहू, दुपारी सावलीत डबे सोडू आणि मग संग्रहालयात जाऊ. मुलांना निघण्यापूर्वी ब्राह्मीतला 'दा' आणि 'नं' शिकवू. सर्वांत जास्त 'दानं' जो शोधील त्याला मंडळाकडून बक्षीस. दक्षिण तोरणापाशी पोहोचलो की आनंदाचे नाव सर्वांनी मिळून शोधू. तो आपल्या बाजूचा माणूस आहे, दोन हजार वर्षे दारात उभा आहे, त्याला भेटायला एकदा जायला हवे.

 येत्या उत्सवाच्या सर्वांना शुभेच्छा.

गणपती बाप्पा मोरया!